तबकडीवरची बुरशी, पेटीचा सूर आणि केसरबाईंचं केरी

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीच पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली आहेत. कुणाला जुन्या तबकड्यांची काळजी आहे, कुणाला पेटीची, तर कुणाला मुलीच्या हाताची. पत्रं लांब होती, ती थोडी आवरून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

शंका : माळ्यावरून आजोबांची ट्रंक काढली. आत जुन्या काळ्या तबकड्या निघाल्या. एकीवर ‘हार्मोनियम – पी. मधुकर’ असं छापलंय. आजोबा म्हणायचे, हा आपल्या पेडण्याचा माणूस. सगळ्या तबकड्यांवर पांढरी बुरशी धरली होती, म्हणून एक तबकडी मी स्पिरिटनं पुसली. कापूस काळा झाला आणि पुसलेला भाग निस्तेज पडला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आजोबांची ठेव मी स्वतःच्या हातानं घालवली का? बाकीच्या तबकड्यांना आता हात लावायचीही भीती वाटते. (मांद्रे)

समाधान : आधी स्पिरिटची बाटली कपाटात परत ठेवा आणि मन शांत करा. एकदा हलकं पुसल्यानं तबकडी सहसा संपत नाही. वरचा थर निस्तेज होतो, वाजवताना त्या भागात खरखर वाढते, पण खाचांमधलं वादन बहुतेक शिल्लक असतं. झालं असं की ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसतात. लाख (झाडावरच्या किड्यांपासून मिळणारा राळेसारखा पदार्थ), दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून त्या दाबून काढलेल्या असतात. लाख स्पिरिटात विरघळते. पुढच्या काळातल्या लाँगप्ले तबकड्यांना जे द्रव चालतात, त्यांतले बरेच इथे घातक ठरतात आणि बाटलीवर तसा इशारा छापलेला असेलच असं नाही. तुमच्यासारखं पुष्कळांच्या हातून झालं आहे.

उरलेल्या तबकड्यांसाठी साधं, कोमट नसलेलं पाणी घ्या आणि त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाका. मऊ मखमली फडकं भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेनं, म्हणजे गोल फिरवत, पुसा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. तबकडी पाण्यात भिजत ठेवू नका, कारण काही तबकड्यांच्या पोटात पुठ्ठ्याचा थर असतो आणि तो फुगतो. नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुसून सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवली तर ती पापडासारखी वाकडी होईल. हे काम तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून करा. घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसानं यात पडू नये, आणि बुरशी झटकल्यावर श्वास लागला तर डॉक्टरांकडे जावं. बुरशी गेल्यावरही खाचांवर करडा पट्टा दिसला, तर ती पोलादी सुईनं झालेली झीज आहे. ती धुऊन जात नाही, तिच्यावर कष्ट वाया घालवू नका.

वाजवून बघण्याचा मोह आवरा. लाँगप्लेच्या पिनपेक्षा या तबकड्यांना साधारण तिप्पट रुंद टोकाची पिन लागते. ग्रामोफोनची जुनी पोलादी सुई असेल तर ती एका बाजूला एकच, पुढच्या बाजूला नवी, हा जुना नियम पाळा. माझं मत विचाराल तर मधुकररावांची तबकडी घरी वाजवूच नका. जाणकाराकडून तिचं डिजिटल मुद्रण करून घ्या आणि ते ऐका. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था अशा कामात वाट दाखवू शकते.

आजोबांच्या बोलण्याबद्दल. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर. आडनाव पेडण्याचं खरंच, पण गोमंतकात आडनावावरून पूर्वजांचं गाव कळतं, जन्मगाव त्यावरून ठरवू नये. पेटीला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाच्या बैठकीवर बसवणाऱ्यांत त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. फोंडा तालुक्यातल्या बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर हे त्यांचे शिष्य. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतली ती तबकडी म्हणजे एका परंपरेचा पुरावा आहे, आणि ती तुम्ही घालवलेली नाही.

शंका : मी पी. मधुकर यांचं वादन शोधतो आहे, पण सापडतं फार थोडं. इंटरनेटवर एक लांबलचक फीत आहे, तिच्याखाली त्यांचं नाव दिलंय. आमच्या भजनी मंडळातले एक वयस्क गृहस्थ म्हणतात, हे त्यांचं नव्हेच. मी वर्षभर ती ऐकून तिच्यावरून रियाज करतो आहे! मी फसलो का? आणि एवढ्या मोठ्या वादकाचं आकाशवाणीनं काहीच कसं जपलं नाही? (साखळी)

समाधान : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, त्यातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला होता, नियंत्रक लायनेल फील्डन यांचंही मत तसंच होतं, आणि रवींद्रनाथ ठाकूरांनीही या बंदीच्या बाजूनं पत्र लिहिलं. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, आणि तीही आधी साथीपुरती. स्वतंत्र पेटीवादनाला त्यानंतरही पुष्कळ वर्षं वाट पाहावी लागली. मधुकररावांच्या वादनाचा ऐन काळ बहुतांश या वर्षांतच गेला. ज्यांना रेडिओवर एकल वाजवायला बंदी, त्यांचं रेडिओच्या कपाटात काय सापडणार? गंमत अशी की पोर्तुगीज अंमलातल्या पणजीच्या ‘एमिसोरा दी गोवा’ला दिल्लीचा हा हुकूम लागू नव्हता. मुक्तीनंतर केंद्र आकाशवाणीकडे आलं आणि त्याबरोबर आकाशवाणीचे नियमही आले.

म्हणून त्या पिढीच्या पेटीवादकांचं जे उरलं, ते मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, म्हणजे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. फीत लांबलचक असेल तर ती खाजगी मैफलीची असू शकते, किंवा चुकीच्या नावाची. तपासायची रीत सोपी आहे. फीत टाकणाऱ्याकडे मूळ तबकडीच्या लेबलचा फोटो मागा. त्यावरचा तबकडी-क्रमांक आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (साच्याची ओळख पटवणारा आकडा) पाहून संग्राहक ती नेमकी ओळखू शकतात. लेबल नाही, क्रमांक नाही, मैफल कुठली तेही सांगता येत नाही, अशी फीत ‘अनिश्चित’ म्हणूनच ऐकावी.

नाव आणि वादन यांची गल्लत फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. इंग्लंडमध्ये जॉयस हॅटो नावाच्या पियानोवादक होत्या. १९७० च्या दशकानंतर त्यांनी जाहीर मैफली केल्या नाहीत, पण उतारवयात त्यांच्या नावानं शंभराहून अधिक सीडी बाजारात आल्या. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. २००६ मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी एका रसिकानं त्यांची लिस्टच्या रचनांची सीडी संगणकात घातली, तर संगणकानं वादक म्हणून लास्लो सिमोन हे नाव दाखवलं! तपासाअंती कळलं, की हॅटोंच्या पतीच्या कंपनीनं इतर वादकांची मुद्रणं, काहींचा वेग थोडा बदलून, त्यांच्या नावावर खपवली होती. पतीनं पुढे कबुलीही दिली. त्या सीडींना जाणत्या कानांनीच दाद दिली होती, मग तुम्हाला फसल्याची लाज कशाला? वर्षभराचा तुमचा रियाजही खोटा ठरत नाही. वादन चांगलं असेल तर त्यावरून शिकत राहा, फक्त तबल्याच्या साथीदाराला सांगताना मधुकररावांचं नाव घेऊ नका.

शंका : माझी पेटी जुन्या तबकडीच्या सुरात बसतच नाही. तबकडी पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच कुठेतरी लटकते. पेटी बेसूर आहे की माझा कान गेला? वय ६८ आहे, म्हणून जास्त धास्ती वाटते. (मये)

समाधान : बहुधा दोन्ही नाही. तबकडीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी बदलला की सूर अख्ख्या अर्ध्या स्वरानं सरकतो. ७८ ऐवजी साडेब्याऐंशी फेऱ्या झाल्या की काळी एकमधलं वादन काळी एक राहत नाही. जुन्या काळी मुद्रणाचा वेगही सगळीकडे तंतोतंत ७८ नसे. शिवाय जुन्या पेट्या वेगवेगळ्या मापानं जुळवलेल्या असत. परीक्षा अशी करा : तबकडीतला षड्ज आणि पंचम यांच्यातलं अंतर कानाला नीट लागतंय ना, एवढंच ऐका. अंतर बरोबर असेल तर कान ठीक आहे, फक्त वेग हललाय. एका कानानं सूर खाली आणि दुसऱ्यानं वर ऐकू येत असेल, किंवा कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर मात्र कान-नाक-घसातज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

शंका : नातवाला पेटी शिकायची हौस आहे. आमच्या ओळखीचे एक गवई म्हणाले, पेटीनं कान कायमचा बिघडतो, पेटीवर वाढलेल्या पोराला श्रुती कळत नाहीत. मुलाचं आयुष्य खराब तर होणार नाही ना? (डिचोली)

समाधान : गवयांच्या म्हणण्यात तथ्य आहे, भीती मात्र फाजील आहे. पेटी समान विभागणीनं (सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून) जुळवतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. हा फरक तयार कानाला बोचतो. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, तो कुणाला जाणवत नाही. दुसरी अडचण म्हणजे मींड. एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जाता येत नाही. पियानोचीही हीच अडचण आहे, आणि तिथे तर सूर उमटताच विरायला लागतो. पेटीत निदान भात्यानं तो धरून ठेवता येतो, फुलवता येतो.

मोठ्या वादकांनी ही अडचण कशी हाताळली, ते नातवाला ऐकवा. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या गायकीवर पोसलेले. ‘मानापमान’च्या चाली देणारे हे गृहस्थ मुळात पेटीवादक होते. तुळशीदास बोरकर आणि त्यांचे शिष्य सुधीर नायक यांचं वादन तर सहज मिळतं. कणस्वर, खटके, एक पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबणं आणि डाव्या हातानं भात्याचा श्वास राखणं, यांतून ते गाण्याचा भास उभा करतात. पट्ट्यांवरच्या बोटांपेक्षा भात्याच्या हाताकडे लक्ष द्यायला सांगा. माझ्या मते खरी कला तिथेच आहे.

इलाज एकच आणि सोपा : पेटी शिकताना तंबोऱ्यावर गळाही लावू द्या. रोज थोडा वेळ पेटी बंद करून तंबोऱ्यासमोर गायलं की कानाला दोन्ही गंधार कळतात. असा मुलगा पेटीनं बिघडत नाही.

शंका : मुलगी १५ वर्षांची आहे. पणजीला पियानो शिकायला जाते, परीक्षा जवळ आली आहे. दीड महिना उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते. शिक्षकांना वाटतं, सरावानं जाईल. मी इंटरनेटवर वाचलं, की एका जगप्रसिद्ध पियानोवादकाची हीच दोन बोटं कायमची निकामी झाली. तेव्हापासून मी तिला पियानोपाशी बसूच देत नाही. ती रडते. मी काय करू? (पेडणे)

समाधान : तुम्ही वाचलं ते लिऑन फ्लायशर यांच्याबद्दल असावं. ऐन भरात, १९६४ च्या सुमारास, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप मुडपायला लागली. त्याला फोकल डिस्टोनिया (मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा बिघडून एखाद्याच कामात बोटं वश राहत नाहीत असा विकार) म्हणतात. पुढची कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंद चालवत राहिले. उपचारांनंतर ते दोन्ही हातांनी पुन्हा वाजवू लागले आणि २००४ मध्ये ‘टू हँड्स’ हे मुद्रण आलं. म्हणजे ती गोष्टही ‘कायमची निकामी’ अशी संपली नाही.

मुख्य म्हणजे तुमच्या मुलीची लक्षणं त्यांच्यासारखी नाहीत. डिस्टोनियात सहसा दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, फक्त वाजवताना बोटं ऐकत नाहीत. रात्रीच्या मुंग्या आणि बधिरपणा, तोही नेमका करंगळी-अनामिकेत, हे कोपरामागून जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. कोपर दुमडून झोपणं, तासन्‌तास मोबाइल धरणं, स्टुलाची उंची चुकीची असणं, यांनीही ती नस दुखावते. दोष पियानोचाच असेल असं नाही.

पण हे निदान पत्रातून करता येत नाही आणि मी डॉक्टरही नाही. दीड महिना टिकलेला बधिरपणा सरावानं जायची वाट पाहू नये. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दोन्ही विभाग आहेत. गरज वाटली तर ते नसेची चाचणी (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणं) करतील आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील. हातातली वस्तू सुटू लागली, बोटांची ताकद घटली किंवा अंगठ्याशेजारचा मांसल भाग खोलगट दिसू लागला, तर एक दिवसही थांबू नका.

डॉक्टर सांगेपर्यंत पियानो पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. मुंग्या आल्या की थांबायचं, एवढा नियम ठेवा. दहा-पंधरा मिनिटं वाजवून विश्रांती, कठीण भाग डोळ्यांनी वाचून पाठ करणं, मोठ्या वादकांची मुद्रणं स्वरलिपी समोर ठेवून ऐकणं, हाही सरावच आहे. शिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. त्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं मला वाटत नाही, बधिरपणा आणि थकवा यांतला फरक बाहेरून दिसत नाही. परीक्षा पुढच्या सत्रात देता येते.

शंका : आमच्या केरी गावच्या केसरबाईंचा आवाज अवकाशयानात आहे, हे आम्ही अभिमानानं सांगतो. आता शाळेत शिकणारा नातू म्हणतो, यानाची बॅटरी संपत आली आहे. म्हणजे बाईंचा आवाज बंद पडणार का? (केरी, पेडणे)

समाधान : नाही पडणार. यानाची वीज हळूहळू संपते आहे हे नातवाचं बरोबर आहे, आणि ती संपली की यान पृथ्वीशी बोलणं थांबवेल. पण तबकडीला वीज लागत नाही. ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. दोन्ही व्हॉयेजर यानांवर तिची एकेक प्रत आहे. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, तिच्यावर साडेतीन मिनिटांची आहे. त्याच तबकडीवर ग्लेन गूल्ड यांनी पियानोवर वाजवलेला बाखही आहे. यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला बाई गेल्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, रागावू नका. गोव्यात केरी एकाहून अधिक आहेत. केसरबाई १८९२ साली जन्मल्या त्या फोंडा तालुक्यातल्या केरीला. पेडण्याला अभिमान हवा असेल तर तो दुसऱ्या नावाचा बाळगा. मालपेच्या अंजनीबाई मालपेकर तुमच्याच तालुक्यातल्या, आणि कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकलेले.

शंका : आमच्या दशावतारी मंडळाची पायपेटी पावसाळाभर खोलीत पडून होती. आता पाच-सहा पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत आणि भाता मारला की एक सूर आपोआप वाजत राहतो. कुणी म्हणतं, पितळी सुरांना खोबरेल लावा. जत्रा तोंडावर आल्या आहेत. नवी घ्यायची ऐपत नाही. पेटी गेली का? (पेडणे तालुका)

समाधान : पेटी गेलेली नाही. ओलीनं लाकूड फुगलं की पट्ट्या एकमेकींना घासतात आणि अडकतात. आपोआप वाजणाऱ्या सुराचं कारणही बहुधा तेच असतं, किंवा हवा अडवणाऱ्या झडपेखाली कचरा बसलेला असतो. खोबरेल अजिबात नको. तेलानं धूळ चिकटते आणि पितळी पत्ती जड होऊन सूर उतरतो. पत्तीला पिन, ब्लेड, कानस काही लावू नका. टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो, आणि एकदा निघालेलं पितळ परत चढवता येत नाही.

झाकण उघडून पेटी आठ-दहा दिवस वाऱ्याच्या, पण उन्हाच्या नव्हे, अशा जागी जमिनीपासून उंचावर ठेवा. प्लॅस्टिक काढा, सुती कापड घाला. पेटीत बल्ब पेटवून ठेवायची जुनी पद्धत काही मंडळांत अजून आहे, ती सोडा. कोरड्या लाकडाला आणि भात्याच्या कापडाला आग लागायला वेळ लागत नाही. एवढ्यानं निम्म्या पट्ट्या बहुधा मोकळ्या होतील. भात्यातून हवा फुसफुसत असेल, सूर खरखरत असेल किंवा उंदरांनी कातडं कुरतडलं असेल, तर ते घरचं काम नाही, पेटीच्या कारागिराकडेच न्या. सूर जुळवून घ्यायचे असतील तर पेटी पूर्ण वाळल्यावरच, ओल्या पेटीत जुळवलेले सूर महिन्याभरात पुन्हा हलतात. दिवाळीनंतर कारागिरांकडे रांग लागते, तेव्हा आताच तारीख घेऊन ठेवा. नेताना अडकणाऱ्या पट्ट्यांवर खडूनं खूण करा आणि तुमचे गाणारे नट कुठल्या पट्टीत गातात, तेही त्याला सांगा.